माझ्या वतीने दिलेली संमती

मी संमती दिलेली नव्हती. हे वाक्य मी आजवर महसूल, वन, पाणी, ऊर्जा आणि पशुसंवर्धन या सर्व खात्यांना, त्यांच्या वरिष्ठांना आणि उत्तर न आल्यास पुन्हा त्यांनाच लिहिले आहे. माझ्या मुलीच्या मते मी आता टपाल खात्याचा आश्रयदाता झालो आहे. तिला हसू येते, मला येत नाही.

नोकरीची शेवटची वर्षे मी पश्चिम राजस्थानात विधी अधिकारी म्हणून काढली. पत्नीच्या निधनानंतर मुलीने मला आयर्लंडला आणले. ती तिथल्या नावन गावच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. वाळवंट मात्र सुटले नाही. तिकडच्या एका विस्तीर्ण प्रदेशासाठी सर्व खात्यांनी मिळून एकच संवर्धन आराखडा करायचे ठरवले आणि समितीने मला विधी सल्लागार आणि सदस्य म्हणून ठेवून घेतले. बैठका संगणकावर होत. बाहेर ओले कुंपण, ओले छप्पर, ओली मांजर, आणि पडद्यावर मी कुसळी गवताचे नकाशे पाहत असे.

समितीत मतदान नव्हते. एकाही सदस्याची हरकत असेल तर विषय थांबे. पण पूर्वसूचना मिळूनही जो बैठकीला येणार नाही, त्याची हरकत नाही असे धरले जाई. हे कलम मीच लिहिले होते. बैठकीला यायचे नाही आणि नंतर सहा महिने फाइल अडवून बसायचे, ही काही खात्यांची सवय मोडण्यासाठी ते होते, आणि त्याने ती मोडलीही.

आता ज्याच्यासाठी हे सारे लिहितो आहे त्या जमिनीबद्दल. तिकडे देवाच्या नावाने राखलेल्या गायरानाला ओरण म्हणतात. तिथे झाड तोडायचे नाही, नांगर घालायचा नाही, गुरे मात्र चरायची. सरकारी दप्तरात ही जमीन बहुधा ‘पडीक’ असते, म्हणून ती कोणालाही देता येते. एका गावाने आपल्या ओरणाची सीमा जुन्या रीतीने पुन्हा आखली. सारा गाव कडेकडेने चालतो आणि मातीवर दुधाची धार सोडत जातो. आराखड्याच्या कामासाठी तिकडे गेलो असताना मी साक्षीदार म्हणून त्यांच्याबरोबर चाललो होतो. ओरणातल्या देवीची पूजा ज्यांच्या घराकडे आहे, त्या वृद्ध बाईंना सगळे माजी, म्हणजे आई, म्हणत. फेरी संपल्यावर त्यांनी विचारले, “वकीलबाबू, ही रेघ तुमच्या कागदावर येईल ना?”

मी म्हणालो, “येईल. माझ्या संमतीशिवाय तिला कोणी हात लावू शकणार नाही.”

कायद्याच्या माणसाने असा शब्द सहसा देऊ नये. मी दिला, कारण आराखड्याचा सदस्य-सचिव माझा मित्र होता.

तो नागपूरचा, भूजलाचा अभ्यासक. त्या मुलखात मराठी बोलणारे आम्ही दोघेच. त्याचा मुलगा गॉलवेला वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत आहे, त्यामुळे आयर्लंडही त्याच्या परिचयाचे. फोनवर तो विचारायचा, “वकील, तुमच्या नावनला ऊन पडतं का रे, की त्यासाठीही अर्ज करावा लागतो?” मी म्हणायचो, “अर्ज केला आहे, तुझ्यासारख्याच एका सचिवाकडे पडून आहे.”

एका मोठ्या सौर प्रकल्पाची वीजवाहिनी आणि रस्ता त्या ओरणातून न्यायचा प्रस्ताव आला. वाहिनी वळवता येत होती, खर्च थोडा वाढला असता. मी आदल्या आठवड्यातच मित्राला फोनवर सांगितले की मी हरकत घेणार. “घे की,” तो म्हणाला, “तुझा हक्कच आहे.” विषयपत्रिकेत हा विषय शेवटी होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस इकडे घड्याळे एक तास मागे करतात, भारतात करत नाहीत. रविवारी मुलीने भिंतीवरचे घड्याळ मागे केले. सोमवारी मी त्या घड्याळाप्रमाणे नेहमीच्या वेळेला संगणक उघडला, तेव्हा तिकडे बैठक सुरू होऊन तास झाला होता. इथे येऊन राहिलेल्या कोणाही म्हाताऱ्याची होईल अशी चूक. मी क्षमा मागितली. मित्र म्हणाला, “या या, साहेब,” आणि पाण्याच्या विषयावर बोलत राहिला. मी निश्चिंत होतो, शेवटचा विषय शेवटीच येणार होता.

तो आलाच नाही. समारोपात अध्यक्षांनी निर्णय वाचले, त्यात ओरणाची वाहिनी ‘सर्वसंमतीने मंजूर’ होती. मी बोलू लागलो तोवर लोक नमस्कार करून पडद्यावरून नाहीसे होत होते.

बैठकीचे चित्रमुद्रण सदस्यांना पाहता येते, ते मी पाहिले. ऊर्जा खात्याच्या अधिकाऱ्यांना विमान गाठायचे होते म्हणून तो विषय पहिला घेतला. इथपर्यंत मी कोणाला दोष देत नाही. अध्यक्षांनी विचारले, “विधी सल्लागार दिसत नाहीत. थांबायचे का?”

माझा मित्र म्हणाला, “गरज नाही. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय. त्यांची हरकत नाही.”

तो अडखळला नाही. पाण्याचा ग्लास उचलून एक घोट प्यायला आणि पान उलटले.

माझ्या गैरहजेरीचा अर्थ माझ्याच कलमाप्रमाणे लावला असता, तर मी दात-ओठ खात का होईना, ते सोसले असते. पण अध्यक्ष थांबायला तयार होते. त्याने त्यांना थांबू दिले नाही.

नाताळात तो मुलाकडे आला होता, तेव्हा गॉलवेहून बसने नावनला आला. मुलीने दार उघडले, कोट वाळत घातला, चहा ठेवला आणि माझ्याकडे डोळे वटारून वरच्या मजल्यावर गेली.

“ओरड एकदाची,” तो म्हणाला.

“मी तुला काय सांगितलं होतं?”

“हरकत घेणार म्हणून.”

“मग?”

“मग काय? ऊर्जा खातं आराखड्यातून उठून गेलं असतं. बाकीची सगळी ओरणं आज नकाशावर आहेत ती त्यांच्या सहीमुळे. एक देऊन बाकीची वाचवली. तुला तिथे बसून हे कळलं असतं. इथे बसून फक्त कलमं कळतात.”

“हे मला सांगायचं होतंस.”

“तू ऐकलं असतंस?”

“नाही. म्हणून तर हरकत माझी होती, तुझी नव्हती.”

तो बिस्किटाचे कण ताटलीत गोळा करत राहिला. मी म्हणालो, “अध्यक्षांना लिहून दे की मी संमती दिली नव्हती. एवढ्याने विषय पुन्हा उघडेल.”

“वेडा आहेस का? मग सचिव खोटं बोलला असं होईल.”

“तो बोललाच आहे.”

“या वयात माझं नाव घालवणार तू?”

“माझं तू घालवलंस. त्या गावात.”

त्याने लिहून दिले नाही. संध्याकाळच्या बसने तो गेला. मुलगी म्हणाली, “बाबा, इतक्या वर्षांची मैत्री आहे. जाऊ द्या ना.” मलाही तेच करावेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी माजींना फोन केला. पत्राने सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्यांच्या नातसुनेने फोन त्यांच्या कानाशी धरला. मी सर्व सांगितले, कोण काय बोलला तेही. मागे शेळ्या ओरडत होत्या.

“खांबांसाठी चुना टाकून गेलेत,” त्या म्हणाल्या. “गाव कोर्टात जातंय. आमचा वकील म्हणतो, कागदावर सगळ्यांची संमती आहे. बाबू, तुम्ही नाही म्हणाला होतात, हे तुम्ही तिथे सांगाल का? की दोस्त आहे म्हणून गप्प बसाल?”

“सांगेन,” मी म्हणालो.

प्रतिज्ञापत्र मीच लिहिले. नावनच्या बाजारपेठेत एका दुकानावरच्या मजल्यावर नोटरी बसतात. ते माझ्याच वयाचे, गुडघ्यांनी त्रासलेले गृहस्थ. त्यांनी सारा मजकूर सावकाश वाचला. वाळवंट, दूध, देवी यांपैकी कशाबद्दलही त्यांनी काही विचारले नाही. फक्त एका ओळीवर बोट ठेवले.

“इथे तुम्ही लिहिले आहे, ‘माझे मित्र व समितीचे सदस्य-सचिव यांनी असत्य विधान केले.’ न्यायालयाला यातले दोन्ही लागतात का?”

मी चष्मा पुसला. मग पेन मागून ‘माझे मित्र व’ ही अक्षरे एका सरळ रेघेने खोडली. दुरुस्तीशेजारी नियमाप्रमाणे मी आद्याक्षरे घातली आणि त्यांनी आपली घातली.

“आता शपथ,” ते म्हणाले, आणि गुडघा सांभाळत उभे राहिले. मीही उभा राहिलो.