शेवंताबाईंची बाजू

शेवंताबाई गेल्याचा निरोप मला कोणी आणून द्यावा लागला नाही. मी तिथेच होते, माझीच बोटं त्यांच्या मनगटावर होती. नर्सच्या नोकरीत असे हात मी पुष्कळदा खाली ठेवले आहेत. तसाच तोही ठेवला, चादर सारखी केली आणि बाहेर बाकावर बसलेल्या भावजींना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, सांगितलं. ते रडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मार्थाबाई, शेवटी घेतलं का तिनं?" पुढे मातीला जमलेल्यांनी तेच विचारलं, आणि महिना उलटून गेला तरी लोक विचारतातच. म्हणून एकदा लिहून टाकते.

घेणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आम्हा ख्रिस्ती लोकांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली, प्याला दिला, आणि देवाचा माणसांशी हा नवा करार आहे असं सांगितलं. तो तुकडा घेणारा त्या करारात पुन्हा उभा राहतो. न घेणारा बाहेर. निदान आमच्या वस्तीत लोक तसं समजतात. ही वस्ती कुंभार पिंपळगावच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराचं एक लहान चर्च आणि भोवती घरं. तिथली प्रभुभोजनाची भाकर शेवंताबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, लग्न होऊन आल्यापासून थापत होत्या. मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून रसही त्याच करायच्या. आणि शेवटची पाच-सहा वर्षं, स्वतः थापलेल्या त्या भाकरीचा तुकडा त्यांनी तोंडात घातला नाही.

मी या घरात आले तेव्हा शेवंताबाईंची तीन बाळंतपणं वाया गेली होती. त्या दिवसांत आमच्या चर्चचे धर्मगुरू, जुने पाळकसाहेब, कराराची गोष्ट फार रंगवून सांगत. पूर्वी दोन माणसांना पक्का करार करायचा असला की ती जनावर कापत, दोन्हीकडे तुकडे मांडत आणि मधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझे असेच तुकडे होवोत, हा त्याचा अर्थ. बायबलात देवाने अब्राहामाला अशीच मांडणी करायला लावली. वस्तीतले लोक पुढे सरकून ऐकायचे, कारण बकरं कापणं त्यांना ठाऊक होतं. पण अंधार पडताना अब्राहामाला गाढ झोप लागली, आणि तुकड्यांमधून एकटा देवच जाळ होऊन गेला. मोडल्याची शिक्षा त्याने एकट्याने स्वतःवर घेतली. पुढे क्रुसावर तुकडे त्याचेच झाले, म्हणून आपण ही भाकर मोडतो, असं पाळकसाहेब शेवटी सांगायचे.

एकदा शेवंताबाईंनी भर उपासनेत विचारलं, "मंग अब्राहामानं काय दिलं?"

"काही न्हाई, बाई. तो झोपला होता."

"असं फुकटाचं मला जमत न्हाई," त्या म्हणाल्या. लोक हसले, पाळकसाहेबही हसले. त्या हसल्या नाहीत.

चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा त्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि देवाला म्हणाल्या, हे जगलं तर तुझ्या कामाला देईन. बायबलातल्या हन्नाने नवसाचा शमुवेल देवाला दिला तसं. मुलगा झाला, जगला, त्याचं नाव शमुवेलच ठेवलं. घरी शामू. शामूला पाळकाच्या शिक्षणाला पाठवायचं हे तेव्हापासून ठरलेलं होतं, आणि त्यात कोणालाच काही जगावेगळं वाटत नव्हतं. मुलगा साधा होता, शिट्टी छान वाजवायचा, आईला घाबरायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घरात काही राहिलं नाही, शिक्षण लांबलं, आणि शामू दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिळायचा. शेवंताबाई त्याचीच प्रभुभोजनाची भाकर थापायच्या. ती तांबडी आणि कोरडी, थापता थापता कडा चिरायच्या. मनुका कुठल्या आणणार, गुळाचं पाणी करायच्या. कामावर लोक खड्ड्यात साठलेलं पाणी पीत. शामूला उलट्या-जुलाब सुरू झाले. बैलगाडीतून आणि पुढे ट्रकमधून त्याला जालन्याला आमच्या दवाखान्यात आणेपर्यंत अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की सलाईन लावायला शीर सापडेना. मी शोधली, डॉक्टरांनी शोधली, घोट्याजवळ कापूनही पाहिलं… तो माझ्या वॉर्डात गेला.

सांत्वनाला आलेले सगळे एकच बोलत. देवाची वस्तू होती, देवाने नेली. तुम्हीच तर त्याला दिला होता. शेवंताबाई ऐकून घेत. एकदाच त्या बोलल्या, तेही जुन्या पाळकसाहेबांशी.

"मी कामाला दिल्ता. मारायला न्हाई."

पाळकसाहेबांनी उघडलेलं बायबल मिटून ठेवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पुढच्या पहिल्या रविवारी भाकर नेहमीसारखी फडक्यात बांधून प्रभुभोजनाच्या मेजावर आली. शेवंताबाई मागच्या ओळीत बसल्या. ताट समोर आलं तेव्हा त्यांनी ते हात न लावता शेजारणीकडे जाऊ दिलं. तसं पुढे दर महिन्याला. मी विचारलं, घ्यायची नाही तर थापता कशाला? त्या म्हणाल्या, "भाकर द्यायचं मी कबूल केलंय. त्यानं त्याची बाजू सोडली म्हणून मी माझी सोडू का?"

जुने पाळकसाहेब निवृत्त झाले. नवे आले, वयाने लहान, नियमाने चालणारे. ते म्हणाले, जी बाई मेजापासून दूर राहते तिच्या हातची भाकर मेजावर बरी नाही. शेवंताबाईंनी वाद घातला नाही. "बराबर हाय," म्हणाल्या आणि पीठ मळायची काठवट पाळकीणबाईंच्या दारात नेऊन ठेवली. पाळकीणबाई शहरातल्या, त्यांनी कधी भाकर थापली नव्हती. त्या रविवारी भाकर मोडायच्या आधीच मोडून आली, असं वस्तीत कितीतरी दिवस बोलत होते. पुढच्या महिन्यात पाळकसाहेब स्वतः काठवट परत घेऊन आले. शेवंताबाईंनी ती धुऊन घेतली आणि त्यांना चहा दिला.

मी रजेवर वस्तीत असताना, असाच एका पहिल्या रविवारी, उपासनेतून लवकर परत आले. शेवंताबाई माझ्याही आधी येऊन चुलीपाशी बसल्या होत्या. आपल्याकडे शेवटच्या उरल्यासुरल्या पिठाची लेकरांसाठी लहानशी भाकर थापतात, चानकी म्हणतात तिला. तीच त्या मिठाशी खात होत्या. प्रभुभोजनाच्याच पिठाची. मी नुसतं बघितलं. त्या म्हणाल्या, "पीठ टाकून द्यायचं का?" मी पुन्हा विचारलं नाही. यातून कोणी काही अर्थ काढावा असं मला वाटत नाही. त्यांनी जे सांगितलं ते सांगितलं.

यंदा त्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा गर्भाशयाचा कॅन्सर पार पसरला होता. मी त्यांना माझ्या क्वार्टरमध्येच ठेवलं. दुखणं फार होतं, ओरडायच्या नाहीत, उशीचा कोपरा दातात धरायच्या. भावजी रोज बाकावर बसायचे आणि रोज मला म्हणायचे, तिला समजवा, अशी बाहेर राहून मरू नये. मी नाही समजावलं. एका सकाळी पाळकसाहेब वस्तीवरून भाकर आणि प्याला घेऊन आले. शेवंताबाई शुद्धीत होत्या.

"लांबून आलात. चहा घ्या," त्या म्हणाल्या. "हे घेणार न्हाई मी. शामूचं त्यानं आधी सांगावं."

पाळकसाहेबांनी आग्रह केला नाही. प्रार्थना केली, चहा घेतला, आणि वाटलं तर द्या म्हणून भाकरीचा तुकडा व रस माझ्यापाशी ठेवून गेले. दुपारपर्यंत शेवंताबाईंची शुद्ध गेली. भावजी आत आले. त्यांनी तो तुकडा रसात भिजवून हातात धरला होता.

"मार्थाबाई, थोडंसं ओठाला लावा. तिला कळायचं न्हाई."

मी म्हणाले, त्यांना गिळता येत नाही, श्वासनळीत जाईल. ते खरंच होतं. पण कारण तेवढंच नव्हतं. शुद्धीत असताना नाही म्हणालेल्या बाईच्या तोंडात बेशुद्धीत काही घालायचं नसतं. त्यांनी नाही म्हटलं होतं आणि ते त्यांना महागात पडलं होतं. ते मी त्या तुकड्याने पुसून टाकणार नव्हते.

"मंग ती कराराच्या बाहेरच मरून राह्यली," भावजी म्हणाले.

तेव्हा मला जुन्या पाळकसाहेबांची गोष्ट आठवली. मी म्हणाले, "भावजी, अब्राहाम झोपला होता."

त्यांनी पलंगाकडे वळून बघितलं. शेवंताबाईंचं तोंड उघडं होतं, श्वास घरघरत होता. "खरं असंल का ते?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. भिजलेला तुकडा त्यांच्या मुठीतच राहिला, मी नंतर त्यांचा हात धुवून दिला.

तर, नाही. शेवंताबाईंनी घेतलं नाही.

गेल्या पहिल्या रविवारी मी रजा काढून वस्तीवर गेले, कारण भाकर कोणीतरी थापायला हवी होती. त्यांची काठवट कोनाड्यातच होती, कडेला जुनं पीठ वाळून चिकटलेलं. ते खरवडून काढलं आणि भाकरी केल्या. माझ्या हातच्या जाडच होतात. शेवटी पीठ उरलं, त्याची चानकी थापून तव्यावर टाकली. भावजी दारात उभे होते. "ही कोणाची?" म्हणाले. मी म्हणाले, "पीठ टाकून द्यायचं का?" आणि फडकं बांधून चर्चला गेले.

भावजी त्या दिवशी मेजापाशी आले नाहीत, चर्चमध्येच आले नाहीत. उपासना संपवून परतले तेव्हा ते अंगणात पाठमोरे बसले होते. चूल विझली होती. मिठाचं भांडं उघडं होतं, आणि तव्यावर काही नव्हतं.