धानाच्या खोलीतला आवाज

नव्या धानाला एक कोमट, किंचित गोडसर वास असतो. तो कपड्यांत, केसांत, गिटारच्या लाकडातसुद्धा मुरतो आणि मग काही केल्या जात नाही. माझा एकट्याचा रॉक अल्बम त्या वासात जन्मला. तिरोड्याजवळच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत छताला टेकतील असे धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचलेले, मधे दोन हात जागा, आणि त्या जागेत एक जुना संगणक, एक माइक आणि मी. गिटार माझी, बास माझा, संगणकाच्या कळा बडवून काढलेले ड्रम माझे, आणि गाणारा गडीही मीच. पोरगा कामातून गेला, असं गावाने ठरवूनच टाकलं होतं. म्हणा म्हटलं काय म्हणायचं ते! शहरातल्या स्टुडिओत भिंतींना जे महागडं अस्तर लावतात, त्याचं काम आमचं धान फुकटात करत होतं. कट्टे सगळा घुमारा पिऊन टाकायचे आणि आवाज कसा, कोणी कानाशी बसून बोलावं तसा जवळून यायचा.

दिवाळीनंतर सुरुवात केली, आणि भारनियमनाच्या वेळा चुकवत चुकवत पळस फुलेपर्यंत सात गाणी झाली. आठव्याची वाद्यं वाजवून झाली होती, गायचं तेवढं उरलं होतं. महिनाभर हटत नसलेल्या घोगरेपणाचं खरं नाव त्याच सुमारास नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आणि तेही येत्या सोमवारी. मी तसा तापट माणूस, पण चिडायचं कोणावर हेच कळेना. दोन दिवसांच्या तपासण्या उरकून शनिवारी घरी निघालो तो एकच गोष्ट धरून, की उद्या दुपारी ते गाणं गाऊन घ्यायचं.

घरी पोचलो तर बाहेरच्या उघड्या छपरीत कट्ट्यांची थप्पी लागलेली आणि मागची खोली लख्ख रिकामी. शेणाने सारवलेल्या जमिनीचा ओला, थंड वास तिथे भरून राहिला होता. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बाबांनी दोन दिवस, कोणाला हात लावू न देता, एकेक कट्टा पाठीवर वाहून बाहेर काढला होता. कंबरेला गरम विटेचा शेक घेत ते खाटेवर पडले होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघवेना.

"एवढ्या अडचनीत काऊन गाऊन रायला होता बापा," ते म्हणाले. "आता मोकळ्यानं गा."

मी खोलीत जाऊन एक टाळी वाजवली. ती चारही भिंतींना आपटून परत आली.

चार शब्दांचं काम होतं. कट्टे पुन्हा आत ठेवू. शेजारचे चार गडी बोलावले असते तर तासाभरात खोली होती तशी झाली असती. तेव्हा मला आवाज होता, आणि तरीही ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. रविवारी दुपारी बाबा दाराबाहेरच एका कट्ट्यावर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीला टांगायला एक गोधडी आत नेणंही मला जमलं नाही. एकदाच गायलो. दुसऱ्यांदा गळ्याने साफ नकार दिला.

सात गाण्यांत मी ऐकणाऱ्याच्या कानाशी आहे. आठव्यात कोणीतरी रिकाम्या घरात उभं राहून हाका मारतंय. ऑपरेशननंतर बाबांनी हेडफोन लावून ते गाणं दोनदा ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्य, खोली मोकळी केली त आवाज कसा खुलला." मी मान डोलावली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर हंगामात धान घरी येतं आणि छपरीतच राहतं; मागची खोली बाबा सारवून रिकामी ठेवतात. यंदा अवकाळी पावसाचे शिंतोडे आत आले, खालचे कट्टे भिजले, धानाला कोंब फुटले आणि छपरीत आंबूस वास सुटला. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : धान आत ठेवा. बाबांनी पाटी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, आणि मला परत दिली.

"राहू दे बापा," ते म्हणाले. "तुले कधी गावंसं वाटलं त खोली मोकळी पाहिजे ना."

मी हातातल्या खडूकडे पाहत राहिलो, आणि मग पाटी पुसून टाकली.