अक्षराला तीट

ज्ञ तेवढा राहिला होता. संध्याकाळी दारात बसून बायकोनं दोसुतीच्या कापडावर टाके घातले आणि मी चौकटीच्या वहीत तेवढेच चौकोन काळे केले. "सात आडवे, मग दोन सोडा," ती मोजून सांगत होती. शेवटी म्हणाली, "आता तीट लावा." मी अक्षराच्या कोपऱ्याला एक सुटा चौकोन काळा केला. मग भाकरी-आमटी खाल्ली. दोन दिवसांनी ती गेली. छातीत कळ आली, एवढंच.

मी बोर्ड रंगवणारा पेंटर. शाळा चौथीपर्यंत. नव्वद सालानंतर कधीतरी स्टँडजवळ एकानं व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. त्याला गेममधल्यागत अक्षरं पाहिजे होती, पण मराठीत. पडद्यावर बघितलं तर विटा रचल्यागत अक्षर. ना वळण, ना गोलाई. किळस आली. मी तिथंच शिव्या घालत बसलो, तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. पडदा बघून हसली.

"अवो, ह्यो तर माझा दोसुतीचा टाका हाय की!"

आठ दिवसांत तिनं दुकानाचं नाव कापडावर भरून दिलं. प्रत्येक अक्षराशेजारी एक टाका सुटा.

"ही घाण कसली?" मी विचारलं.

"घाण न्हवं. एवढं गोजिरं झालंय, तीट नको व्हय लावाय?"

पोरं आम्हाला नव्हती. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. बोर्ड रंगवला तो तीट गाळूनच. "तुम्ही पेंटर, तुमचं खरं," म्हणाली. परत त्या रस्त्यानं बाजाराला गेली नाही.

पुढं ते दुकान बंद पडलं. लहानपणी तिथं खेळलेल्या एकानं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि जुन्या बोर्डाचा माग काढत घरी आला. त्या अक्षरांचा फॉन्ट करायचा होता, म्हणजे कुणीबी टाईप करावं आणि ती उमटावीत. सगळी मुळाक्षरं पाहिजे होती. दोन महिने ती टाके घालत होती आणि मी वही भरत होतो. या खेपेला तीट मुकाट्यानं लावत होतो.

तिचं तेरावं झाल्यावर मी वही त्याला पोचवली. महिन्याभरानं त्यानं बोलावलं. दुकानावर नवा फ्लेक्स, आमच्या अक्षरात. पण कोपरे सगळे झिजवलेले, वापरलेल्या साबणाच्या वडीगत गुळगुळीत.

"कसं काय मामा? आजच्या काळाचं केलंय."

"तीट कुठाय?"

"ते ठिपके व्हय? चुकून पडलेले. एकेक करून साफ केले, दोन दिवस गेले त्यात."

"चुकून न्हवं पावणं ते. तिनं घातलेलं."

"मामा, अक्षराला घाण लागल्यागत दिसतंय."

घाण हा शब्द त्याच्या आधी मीच काढला होता, तिच्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर उघडायच्या आत, शिडी, काळा ऑइलपेंट आणि चपटा ब्रश घेऊन गेलो. कुठल्या अक्षराला कुठल्या बाजूला ते बघायला तिची दोसुती खांद्यावर टाकली होती. फ्लेक्सवर रंग धरेना, ओघळायला लागला. पुसला, परत लावला. चार अक्षरं झाली तेवढ्यात तो गाडीवरनं आला आणि खाली आ वासून उभा राहिला.

"मामा, काय चाललंय ह्ये?"

"हितलं मी घालतोय. कॉम्प्युटरातलं तू घाल. आधी शिडी धर, हालतीया."