दादाचं दीडशे रुपयांचं खातं

नवी पेठेतल्या आमच्या चादर-टॉवेलच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की किस्से निघतात, आणि गिऱ्हाईक असलं की नवे घडतात. माल वर्षातून एकदा मोजला जातो. किस्से कुणी मोजत नाही, त्यामुळे ते वाढतच जातात. आमच्याकडचे निम्मे तर एकाच बँक खात्याचे आहेत. ते खातं माझ्या थोरल्या भावाचं. आम्ही दोघं एकाच काउंटरला होतो. दादाला जाऊन तीन महिने झाले. खातं अजून चालू आहे, आणि ते ठेवायचं की बंद करायचं यावरून घरात वाद आहे. मी आठवीत शाळा सोडली, बँकेतलं मला कळत नाही. म्हणून किस्सेच सांगतो.

खातं आलं ते असं. टाय लावलेला एक बँकवाला डबल चादर घ्यायला आला. दादानं बारा चादरी उलगडून दाखवल्या. बँकवाल्यानं घासाघीस करून ऐंशी रुपये कमी करून घेतले आणि बोलता बोलता दादाला कॅशबॅकचं खातं सांगितलं. शंभराचं बिल भरलं की एक रुपया परत! पेट्रोलवर आणखी जास्त! फी महिन्याला फक्त दीडशे! दादानं तिथंच सही केली. वहिनीचंही नाव जोडीला घालतो म्हणाला.

बँकवाला चादर घेऊन गेला तसे शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "आज दुकानात विक्री नेमकी कुणी केली?"

आमच्यात हिशेबाला पक्के म्हणजे नरसय्यामामा. घरी पूर्वी माग होते, त्यामुळे सुतासुताचा हिशेब तोंडपाठ. त्यांनी रद्दीच्या कागदावर मांडून दाखवलं, "दीडशे फिटायला महिन्याला पंधरा हजाराची बिलं पायजेत. तुझा पगार किती?"

दादाचा पगार चौदा हजार होता!

पण दादा मागं हटणारा नव्हता. "पगार कमी पडतोय ना? मग माणसं वाढवू की!" दुसऱ्या दिवसापासून सगळ्या दुकानाची बिलं दादाच्या खात्यातून जायला लागली. लाइट, गॅस, रिचार्ज, केबल. एक तारखेला आम्ही रोख पैसे आणि बिलं घेऊन रांगेत उभे, आणि दादा स्टुलावर बसून मोबाईलवर भरतोय. पहिल्याच महिन्यात एकशे अठ्ठावन्न रुपये परत आले. फी जाऊन आठ रुपये फायदा! त्या आनंदात दादानं सगळ्यांना चहा आणि भजी सांगितली.

वहिनीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आठ रुपये कमवायला दोनशेची भजी. आणखी दोन महिने असाच फायदा झाला तर माझ्या पाटल्या जातील!"

बशीरभाई आमच्याकडं गाडीवरून माल पोचवतात. दादानं त्यांना सांगितलं, की अमुक पंपावर माझ्या कार्डानं पेट्रोल भरलं तर वीस रुपये परत येतात. तो पंप गावाबाहेर, सात किलोमीटरवर. बशीरभाई कार्ड घेऊन निघाले. गाडीत पेट्रोल आधीच कमी. वाटेत गाडी बंद. तिथून ढकलत पंपावर गेले, तर पंपावरचं कार्डाचं मशीन बंद! शेवटी रोख देऊन पेट्रोल भरलं आणि दुपारी घामाघूम होऊन दुकानात आले.

दादानं विचारलं, "किती वाचले?"

"जान बची मियाँ, वो देखो!"

मामांच्या मुलीच्या लग्नात तर कहरच झाला. मामांनी पैसे दादाच्या खात्यात टाकले आणि एक लाखाचे दागिने त्याच्या कार्डावर घेतले. एक लाखाला हजार रुपये परत येणार, म्हणून मामांनी मांडववाल्याला हजार रुपये जास्त कबूल करून टाकले. परत आले तीनशे. महिन्याला तीनशेच्या वर मिळतच नाही, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. मामा बँकेत गेले. तिथल्या साहेबानं शांतपणे समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, आणि खिशातून पत्रिका काढून साहेबापुढं ठेवली.

"लग्नाला या. जेवण भरपूर आहे. पण तिसऱ्या जिलबीच्या वर मिळत नाही. बारीक अक्षरात लिहिलंय!"

मग दादा गेला. सकाळी शटर वर करून आत आला, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेला. त्यावर मला किस्सा सांगता येत नाही.

दहाव्याचा मात्र सांगतो. आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. पिंड ठेवला. समोर पाण्यात बगळे शेकड्यानं, पण कावळा शिवायला तयार नाही. चुलते म्हणाले, "तुझ्या पोरीला शिकवतो." कावळा झाडावरच. आई म्हणाली, "धाकट्याचं लगीन करते." कावळा मान फिरवून बसला. ऊन चढलं, माणसं कुजबुजायला लागली. त्याचं काय राहिलं, ते मलाच कळू नये?

मागून मामा हळूच म्हणाले, "खात्याचं बोल की."

मी कसलाही विचार न करता ओरडलो, "दादा, खातं बंद करू देणार न्हाय!"

कावळा उतरला, भातात चोच मारली आणि गेला. लोक बघतच राहिले. गुरुजींनी विचारलं, "कसलं खातं?"

बशीरभाई डोळे पुसत म्हणाले, "कॅशबॅकवाला, महाराज!"

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "कावळ्याचं काय जातंय? दीडशे तर माझे कटत्यात की!"

तिचंही खरंच होतं. आता दुकानाची बिलं बंद होती. घरचं लाइट बिल तेवढं आपोआप जायचं. दुसऱ्या महिन्यात दादाच्या फोनवर त्याच्या नावानं मेसेज आला. अभिनंदन, तुम्ही बारा रुपये कमावले! माझं डोकं सटकलं. तिथल्या तिथं कस्टमर केअरला फोन लावला. "कुणाचं अभिनंदन करताय? माणूस गेलाय आमचा!" पलीकडच्या ताईनं फोन ठेवला नाही. मी बोलत गेलो. दादा कसा होता, चादर कशी झटकायचा, मला सायकल कशी शिकवली. ती नुसतं "हो दादा, हो दादा" म्हणत होती. अर्ध्या तासानं हळूच म्हणाली, "सर, या कॉलला पाचपैकी किती द्याल?"

पाच दिले.

गेल्या सोमवारी वहिनी दुकानात आली आणि म्हणाली, "चला बँकेत. आज बंद करून टाकू." खात्यात तिचं नाव असल्यानं तिची सही लागणार होती. मी चपला घातल्या. शपथ माझी, पण पैसे तिचे, आणि पोरगी शाळेत जाणारी. मामा आणि बशीरभाईही बरोबर आले. बँकेत मॅडम भली होती. तिनं मृत्यूचा दाखला बघितला, मग स्वतःच म्हणाली, "ताई, फी दीडशे आणि मिळतात बारा. हे खातं तुम्हाला परवडत नाही. बंदच करा." फॉर्म काढला आणि जिथं सही हवी तिथं आपल्या पेनानं फुली मारून दिली.

वहिनीनं विचारलं, "मेसेज त्यांच्या नावानं येत्यात, ते?"

"खातं बंद झालं की ते पण बंद होतील."

वहिनी फॉर्मकडं बघत बसली. मग म्हणाली, "पेन न्हाय आमच्याकडं."

काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन तिच्या हाताशी लोंबत होतं. मामांच्या कानावर एक होतं. बशीरभाईंच्या खिशात दोन, माझ्या खिशात एक. आम्ही तिघंही पंख्याकडं बघायला लागलो.

मॅडमनं आपल्या पेनाला टोपण लावलं.

"आमच्याकडचंही आज चालत नाही, ताई," ती म्हणाली.