मागच्या अंगणातला बंब

नवी मुंबईत घर तापवायची वेळ कुणावर येत नाही. तिथे हिवाळ्याचा खर्च म्हणजे अंघोळीचं गरम पाणी. नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. नोव्हेंबर लागला की माझे नियम सुरू व्हायचे. गीझर एकदाच लावायचा. अंघोळी एकामागून एक उरकायच्या, मध्ये चहा नाही. भरलेल्या बादलीवर ताट झाकायचं. लाइटचं बिल आटोक्यात राहायचं.

एका वर्षी सासरे गेले आणि सासूबाई साताऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे आल्या. गार पाण्यात हात घातला की त्यांची बोटं आखडायची. भांडी, धुणं, सगळ्याला त्यांना ऊन पाणी लागायचं. बिल आलं तेव्हा नवरा आणि मी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो. पण दोन खोल्यांच्या घरात हळू बोलण्याला अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशीपासून त्या गार पाण्याने अंघोळ करू लागल्या. ओठ काळेनिळे व्हायचे. विचारलं तर म्हणायच्या, सवय आहे. आठवड्याभरात त्यांनी पिशवी भरली.

"मला गावी पोचवा. तिथं बंब हाय, लाकडं फुकटची हायत."

गावी बंब होता, पण माणूस नव्हतं. त्या रिकाम्या घरात त्यांना एकटं सोडायची आमची तयारी नव्हती. मी नवऱ्याला म्हटलं, अडचण बंबाची असेल तर बंब इकडे आणू.

तो एसटीच्या टपावरून आला. तांब्याचा, पोटात जाळ घालायची नळी, नळीभोवती पाणी, खाली तोटी. आम्ही तो मागच्या चिंचोळ्या अंगणात ठेवला. सरपण म्हणून वाशीच्या मार्केटातून फळांच्या मोडक्या पेट्या स्वस्तात मिळायच्या. नवरा स्कूटरला बांधून आणायचा. सासूबाई उजाडायच्या आत बंब पेटवायच्या. पिशवी पुन्हा खुंटीला लागली.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली आली. वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास येतो, म्हणाली. तिचं बरोबर होतं. समजावायला मी वर गेले, तर ती दोन्ही मुलींना रॉकेलच्या स्टोव्हवर तापवलेल्या पातेलंभर पाण्यात अंघोळ घालत होती. तिच्या नवऱ्याची तळोज्याची कंपनी बंद पडली होती आणि गीझर तिने दिवाळीपासून लावलाच नव्हता. मी तिथेच ठरवून टाकलं: बंब पहाटे पेटेल, ती कपडे नंतर वाळत घालेल, आणि मुलींच्या अंघोळीचं पाणी खालून नेईल. ती आधी नको म्हणाली. सासूबाईंनी दोन बादल्या भरून जिन्यात ठेवल्या, तेव्हा नेल्या. पुढेही त्याच भरून ठेवायच्या.

एका रविवारी सासूबाई बंब पेटवून देवळात गेल्या होत्या. शेजारणीला मुलींना न्हाऊ घालायचं होतं. ती स्वतःच तोटी सोडून बादल्या भरत गेली. बंबातून जेवढं काढायचं तेवढं गार पाणी आधी वरून ओतायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बंब कोरडा पडला, आत जाळ चालूच. मी आवाज ऐकून धावले तोवर सांध्याचं कथील वितळून खाली गळलं होतं.

शेजारीण तोटी धरून उभी होती. "मी मुद्दाम नाही केलं हो," एवढंच म्हणत होती. धुराची तक्रार तिनेच केली होती, म्हणून ती जास्त घाबरली होती. मला वेगळीच भीती होती. बंबासाठी थांबलेलं माणूस आता थांबणार कसं?

सासूबाई आल्या. हातातला प्रसाद माझ्याकडे दिला, खाली बसल्या, बंबावरून हात फिरवला. मग शेजारणीकडे वर पाहिलं.

"नळाची माणसं तुमी. काढलं की मागनं येतंयच, असं वाटायचंच. रडू नगं. तांबं धड हाय, सांध्याला कथलाचा डाग दिला की झालं."

डाग देणारा मिळेपर्यंत दिवस लागतील, मी म्हणाले. शेजारीण लगेच म्हणाली, "तोवर आजींचं पाणी मी तापवून आणीन."

"तुझ्या स्टोवावर? आन रॉकेल काय रानात उगवतंय?"

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आई, मग तुम्ही गावी जायचं म्हणणार का?"

त्यांनी बंबाकडे बोट केलं. "बंब हितं. त्योबी फुटका. तिथं जाऊन काय करू?" आणि पुढे म्हणाल्या, "तुझा गीझर लाव. एक बादली मला, एक हिच्या पोरींना. बिलाचं मागनं बघू."

मी गीझर लावला, आणि नियम मोडून चहाही टाकला. त्या महिन्याचं बिल वाढलंच. नवऱ्याने ते वाचलं आणि मोठ्याने काही न बोलता, हळूही काही न बोलता, भरून टाकलं.

बंब दुरुस्त होऊन आला तेव्हा जानेवारी सरत आला होता. शेजारीण रोज पहाटे खाली यायची, ती गार पाण्याने भरलेली बादली घेऊनच. आधी ती ओतायची, मग तोटीला हात लावायची. सासूबाई विस्तवापाशी बसून बोटं शेकत असायच्या. थंडी संपली, तरी पिशवी खुंटीलाच होती.