वरच्या खोलीतली बाई

कॉलेजात तिला सगळे तळटीपबाई म्हणत. कुणाच्या लेखात अवतरण दिसलं की मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही पुढं सरकायची नाही. "हिला लग्नपत्रिका दिली तरी संदर्भसूची मागेल," असं मैत्रिणी म्हणायच्या. ही खोड तिला संशोधन शिकवणाऱ्या सरांनी लावलेली. "मत काय, कुणालाही असतं, पोरी. पुरावा कुठाय?" हे त्यांचं पालुपद.

तीच खोड आता तिच्या मुळावर उठली होती.

ती एका जुन्या कादंबरीवर शोधनिबंध लिहीत होती. त्या कादंबरीतल्या घरात वरच्या खोलीत रोज एका बाईची पावलं वाजतात. ती बाई म्हणजे भूत, असं सरांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडलं होतं, आणि मागून आलेल्या सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या होत्या. तळटीपबाईचं म्हणणं उलटं होतं. बाई जिवंत आहे; घरच्यांना नकोशी झाली, म्हणून त्यांनी तिला मेल्यात जमा केलं. सरांचा सगळा डोलारा एका जुन्या समीक्षकाच्या वाक्यावर उभा होता: "वरची बाई मेलेली आहे." तिनं सवयीनं ग्रंथालयातून मूळ लेख काढला. तिथं वाक्य पुढं चालू होतं: "असं घरचे सांगतात, कादंबरी मात्र तसं कुठंच म्हणत नाही." सरांनी पुढचा तुकडा कापला होता.

सर अंथरुणाला खिळलेले, बोलणं जवळजवळ बंद. छापलं तर त्यांच्या जन्मभराच्या नावाला बट्टा, न छापलं तर आपणही लबाड. मग एक घाणेरडा विचार आला: सर गेल्यावर पाठवू, घाई काय आहे? त्या दिवसापासून लिहायला बसलं की मागच्या खुर्चीत कुणी बसल्याचा भास व्हायचा. तिनं खुर्ची बाहेर नेऊन ठेवली. आवाज मात्र खोलीतच राहिला. पुरावा कुठाय, पोरी?

एका दुपारी निबंध चाळताना तिची नजर पहिल्या पानावरच्या अर्पणावर पडली. "सरांच्या स्मृतीस." कधी लिहिलं, तिचं तिलाच आठवेना. सर दोन गल्ल्या पलीकडे श्वास घेत होते, आणि ती वर्षभर तिकडे फिरकली नव्हती. कागद उचलून ती तशीच निघाली.

दार सरांच्या सुनेनं उघडलं. "या ना. हल्ली कुणीच येत नाही हो त्यांच्याकडे. वरच्या खोलीत आहेत."

वरच्या खोलीत. ती जिना चढू लागली.

सर छताकडे बघत पडले होते. तिनं ख्यालीखुशालीही न विचारता मधलंच पान काढून वाचायला घेतलं. थांबली असती तर धीर सुटला असता. "वरची बाई मेलेली आहे," एवढं वाचलं आणि पुढचं तिला वाचवेना.

"असं घरचे सांगतात," सर सावकाश म्हणाले. "कादंबरी मात्र... तसं कुठंच म्हणत नाही."

त्यांना पाठ होतं. इतकी वर्षं पाठ होतं. तिला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं.

"छाप," सर म्हणाले. त्यांचा हात कागद चाचपत होता. "पण मधूनच काय वाचतेस? पहिल्या पानापासून वाच."

तिनं पहिलं पान वर घेतलं. अर्पणाची ओळ तशीच होती. ती गाळून पुढं जाणं सोपं होतं, सरांना दिसलंही नसतं.

तिनं ती ओळ वाचली.