बोटीचा उंबरठा

हुडकेश्वरच्या घराच्या अंगणात मी शिडाची बोट बांधायला घेतली, तेव्हा सगळं नकाशाबरहुकूम करायचं ठरवलं होतं. मागच्या बाजूला सुकाणू धरून बसायची खोलगट जागा, म्हणजे कॉकपिट, करायला लकडगंजचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी जन्मभर घरांची दारं-खिडक्या केलेल्या. कॉकपिटमधली बाकं त्यांनी झकास बसवली, पण तिथून केबिनमध्ये उतरायच्या दाराला वीतभर उंच उंबरठाही ठोकला. नकाशात तो नव्हता. आधीच माझे गुडघे दुखतात. दोनदा ठेचकाळलो आणि भडकलोच. "ही बोट आहे, घर नाही! कापा तो."

"बिना उंबरठ्याचं दार असते का भाऊ?" एवढंच म्हणून त्यांनी तो कापला.

पहिल्याच फेरीत, तलावाच्या मधोमध, वाऱ्याने बोट एका बाजूला कलली. बोटीच्या काठावरून पाणी कॉकपिटमध्ये आलं आणि अडवायला काहीच नसल्यामुळे थेट केबिनमध्ये शिरलं. आतली गादी पिळताना मला मिस्त्री आठवले.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून त्यांच्याकडे गेलो. काही न विचारता त्यांनी फळ्यांच्या मागून तोच तुकडा काढला. माझ्या पायाला लागू नये म्हणून त्याची धार रंध्याने गोल केलेली होती.

"काहून ठेवला होता?" मी विचारलं.

"म्हटलं, भाऊचा राग उतरला की लागन."